समिधा कोणी आणायच्या?

ज्ञानाच्या शोधात निघालेल्या माणसासाठी उपनिषदांत एक सुंदर विशेषण येते : समित्पाणि. ज्याच्या हातात समिधा आहेत असा. गुरूच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि न्यायचेच तर जळण न्यावे, असा तो संकेत होता. देवांचा राजा इंद्र प्रजापतीकडे आत्मविद्या शिकण्यास गेला तो हातात समिधा घेऊन. सांगितलेले पटले नाही म्हणून वाटेतून परतला, तेव्हाही पुन्हा समिधा घेऊनच परतला. सांदीपनींच्या आश्रमात असताना कृष्ण आणि सुदामा यांना गुरुपत्नीने सरपणासाठी रानात धाडले आणि वादळी पावसात ती दोन मुले रात्रभर तेथेच अडकून पडली, ही भागवतातली कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. उज्जैनला बदली होऊन गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी गावाकडून आलेल्या पाहुण्यांना तो आश्रम हौसेने दाखवलाही असेल.

समिधा म्हणजे यज्ञाग्नीचे इंधन, स्वयंपाकाचे नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु सुदाम्याच्या मोळीवर गुरुपत्नीची चूलही पेटत असणार, असे मानायला हरकत नसावी. त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचाही माझा हेतू नाही. त्या आश्रमांची दारे किती जणांना, आणि विशेषतः किती जणींना उघडी होती हे आपण जाणतो. सत्यकाम जाबालाची कथा आपण पुनःपुन्हा सांगतो, ती तो अपवाद होता म्हणून. मला त्या संकेतातील एकच गोष्ट मोलाची वाटते. ज्या अग्नीच्या आश्रयाने आपण शिकणार त्याचे जळण आपणच आणावयाचे, ही जाणीव त्या विद्यार्थ्याच्या हातांना होती. शिकणे आणि सरपण वेचणे ही दोन कामे एकाच माणसाच्या अंगावर होती.

आधुनिक शिक्षणाने विद्यार्थ्याला या कामातून मोकळे केले. ते योग्यच झाले. पण म्हणून काम काही नाहीसे झाले नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर गेले. आपल्याकडच्या थोर पुरुषांच्या चरित्रांत दिव्याला मानाचे स्थान असते. ईश्वरचंद्र विद्यासागर रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करीत, अशी आख्यायिका बंगाल्यात जितकी प्रसिद्ध आहे तितकीच ती आपल्या शालेय पुस्तकांमुळे महाराष्ट्रातही आहे. मराठी घरांतून तर कंदील, रॉकेलची चिमणी, समई यांच्या उजेडात शिकून मोठ्या झालेल्या वाडवडिलांच्या कथा अजून सांगितल्या जातात. या सर्व कथांत दिवा आहे आणि दिव्याकडे झुकलेला मुलगा आहे. त्याच वेळी आतल्या खोलीत फुंकणी घेऊन ओल्या लाकडांशी झगडणारी जी बाई आहे, ती चरित्रकाराला दिसत नाही. मुलाला जेवण कोणी घातले याचा उल्लेख क्वचित येतो. ते कशावर शिजले याचा कधीच येत नाही.

हल्ली ज्याला ‘ऊर्जादारिद्र्य’ म्हणतात ते या न दिसण्याशी फार जवळून निगडित आहे. हा विचार प्रथम इंग्लंडात रूढ झाला. ब्रेंडा बोर्डमन या विदुषीने १९९१ साली लिहिलेल्या ग्रंथात, ज्या कुटुंबाला घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करावा लागतो ते कुटुंब इंधनाच्या बाबतीत दरिद्री समजावे, असे माप घालून दिले. थंड देशाला ते ठीक होते. आपल्याकडे हे माप लावू गेल्यास विचित्र निष्कर्ष निघतो. जी बाई रानातून फुकट मोळी आणते, शेतातल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळते, गोवऱ्या थापते, तिचा इंधनावरचा पैशांचा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणजे ती दरिद्री नाहीच! तिचा खर्च होतो तो पैशांच्या चलनात होत नाही. तो पायांनी, डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी होतो. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबे लाकूडफाटा, पिकांचे अवशेष आणि गोवऱ्या यांवर स्वयंपाक करीत होती, आणि शंभरांतील एकतीस घरांत रात्रीचा उजेड रॉकेलचा होता. त्यानंतर वीज बहुतेक घरांत पोचली. चूल मात्र विजेच्या दिव्याखाली बसून राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उच्च शिक्षणाने हे दारिद्र्य हटते काय? आपल्या वर्गाचे उत्तर ठरलेले आहे : मुलगे शिकतील, मुली शिकतील, आणि धूर आपोआप जाईल. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? शिकलेल्याला ठराविक तारखेस पगार मिळतो, आणि गॅसच्या व्यवहारात या ठराविक तारखेला फार महत्त्व आहे. भरलेल्या टाकीची रक्कम एकरकमी मोजावी लागते; सरकारी सवलत असलीच तर ती मागाहून बँकेत जमा होते. रोजंदारीवरच्या माणसाला दर दिवशी वीस रुपयांचे जळण परवडते, पण महिन्याकाठी एकदम आठ-नऊशे रुपये बाजूला निघत नाहीत. शिकलेले कुटुंब बहुधा शहरात राहते, आणि तेथे फुकटचे लाकूड मिळत नाही. शिकलेली स्त्री नोकरी करू लागली म्हणजे तिच्या वेळेला बाजारात किंमत येते. तो वेळ चुलीपुढे घालवणे घराला परवडेनासे होते. धुराने लहान मुलांना फुप्फुसांचे विकार जडतात आणि मोठ्या बायकांना कायमचा दमा लागतो, हेही वाचून कळते. हे सर्व खरे आहे.

परंतु आपल्या देशाचेच आकडे पाहिले म्हणजे हा समज डळमळू लागतो. २०११ साली केरळात शंभर स्त्रियांपैकी ब्याण्णव साक्षर होत्या, आणि त्याच साली तेथील निम्म्याहून अधिक कुटुंबांचा स्वयंपाक लाकडांवर होत होता. दिल्लीत स्त्रीसाक्षरता त्याहून बरीच कमी, सुमारे एक्याऐंशी टक्के. पण नव्वद टक्क्यांच्या आसपास घरांत गॅस होता. पुढे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे केरळात ७२.१ टक्के आणि तेलंगणात ९१.८ टक्के आढळली. तेलंगणाच्या प्रदेशात २०११ साली स्त्रीसाक्षरता अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास होती. तेथे काय घडले होते? तेव्हाच्या एकत्र आंध्र प्रदेशात १९९९ सालापासून बचतगटांतल्या बायकांना गॅसची जोडणी देण्याची ‘दीपम्’ योजना चालू झाली होती. म्हणजे जेथे बायका कमी शिकलेल्या होत्या तेथे गॅस अधिक पोचला, कारण कोणीतरी त्यांचा विचार मुद्दाम केला होता.

केरळातील कोडे मला अधिक विचार करायला लावते. ज्यांनी केरळात नोकरी केली आहे त्यांना ठाऊक आहे की तेथे बहुतेक घराभोवती आपली वाडी असते. नारळाच्या झावळ्या, करवंट्या, सोडणे यांना तोटा नसतो. घरात गॅसची शेगडी असते आणि मागच्या पडवीत चूलही असते. चहा शेगडीवर होतो आणि भात चुलीवर. दारचे जळण फुकट असताना विकतचे कशाला जाळा, असा तो हिशोब. कोकणातली आपली माणसेही हाच हिशोब करतात, तेव्हा केरळीयांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या हिशोबात एक रकाना रिकामा आहे. झावळी ओढून आणणारी, तोडणारी, सुकवणारी, तिच्या धुरात उभी राहणारी बाई पदवीधर असली तरी तिच्या श्वासाची किंमत त्या रकान्यात मांडलेली नाही. ती स्वतःही ती मांडीत नाही. शिक्षणाने तिला जगाचा भूगोल शिकवला. आपल्या स्वतःच्या वेळेचे आणि देहाचे मोल शिकवले नाही. आणि घरातल्या पदवीधर पुरुषाला तर तो रकाना आहे हेच कोणी सांगितलेले नसते.

हे सारे मी पुस्तकांतून लिहीत आहे असे वाटू नये म्हणून धनबादचे थोडे सांगतो. त्या गावी काही वर्षे काढण्याचा योग मला आला. कोळशाच्या राजधानीत पहाटे फिरायला निघावे तर अर्ध्या कोसावरचे दिसत नाही. वस्त्या-वस्त्यांतून कच्च्या कोळशाचे ढीग उघड्यावर पेटवलेले असतात. त्यातला धूर निघून गेला म्हणजे ते विझवतात आणि उरलेला कोळसा घरगुती शेगड्यांसाठी विकतात. सायकलींवर दोन-दोनशे किलोंची पोती लादून चढण ढकलीत नेणारी माणसे रस्त्याने रांगेने दिसतात. त्यांतला एकही सायकलीवर बसलेला नसतो. जवळच्या झरियात १९१६ सालापासून जमिनीखाली कोळसा जळतो आहे. त्या खाणींतला उत्तम कोळसा पोलादाच्या भट्ट्यांना जातो, आणि जमिनीवरच्या माणसांना वेचलेले तुकडे मिळतात. याच गावात १९२६ सालापासून खाणविद्येचे उच्च शिक्षण देणारी ‘इंडियन स्कूल ऑफ माइन्स’ ही संस्था उभी आहे. २०१६ साली तिला आय. आय. टी.चा दर्जा मिळाला. जवळजवळ शंभर वर्षे तेथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी देशाच्या खाणी चालवल्या आहेत, आणि ते काम लहान नव्हे. पण आधी सांगितलेल्या त्याच पाहणीत झारखंडातील जेमतेम ३१.९ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. देशातील अगदी तळाच्या राज्यांपैकी ते एक. विद्यालयाच्या भिंतीबाहेरच्या शेगडीचा दोष विद्यालयाकडे जातो असे मी म्हणत नाही. ती शेगडी कोणत्याच विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नव्हती, एवढेच म्हणतो.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येत असे. तिला २०१८ साली सरकारी योजनेतून गॅसची जोडणी मिळाली होती. शेगडी तिने पुसूनपासून फडताळावर ठेवली होती, आणि स्वयंपाक अंगणातल्या कोळशावर करीत होती. माझ्या पत्नीने एकदा तिला याबद्दल रागे भरले. खोकला एवढा, आणि गॅस असून वापरीत नाहीस, हा काय हट्ट? तेव्हा तिने जे उत्तर दिले ते मला पाठ झाले आहे. ती म्हणाली की टाकी भरायची की मुलीची फी भरायची, एवढेच तिला दर सहा महिन्यांनी ठरवायचे असते. मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. फीच्या महिन्यात टाकी येत नाही. त्यानंतरच्या महिन्यात फीसाठी काढलेले कर्ज फेडायचे असते. आणि तिसऱ्या महिन्यात काहीतरी दुसरे निघते. तिचा खोकला तिने हिशोबातून कधीच वजा केला होता.

अशा वेळी आपल्या डोळ्यांना पाणी येते आणि आपण मातृत्वाची थोरवी गाऊ लागतो. मराठी वाङ्मयाने तर या गाण्यात काहीच कमी केलेले नाही. पण त्या दिवशी मला वाटले की हा गौरव करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याग आपल्या इच्छेने केलेला असला तरच तो त्याग. फी आणि श्वास यांतून एक निवडा, असे ज्याला सांगितले जाते त्याने केलेल्या निवडीला त्याग म्हणणे म्हणजे निवडीची वेळ आणणाऱ्यांना सोडून देणे होय. आणि समजा, तिने तो खरोखर मनापासून केला. तरी दुसरा प्रश्न उरतोच. ज्या पदवीची किंमत आई खोकल्याने चुकती करीत आहे ती पदवी मुलीने घ्यावी काय? घेऊ नये म्हणावे तर मुलगी पुन्हा त्याच अंगणात, त्याच शेगडीपुढे बसणार, आणि आईने आजवर दिलेले सारे वाया जाणार. घ्यावी म्हणावे तर ती एका ऋणात बांधली जाते. आपल्या परंपरेने माणसावर देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. ज्यांच्याकडून विद्या आली त्या ऋषींचे ऋण स्वाध्यायाने फिटते असे मानले. विद्या शिकत असताना ज्या चुलीवर अन्न शिजले तिचे ऋण मात्र कोणत्या यादीत नाही. ते फेडावे कसे याचा विधीही म्हणूनच नाही.

एवढ्यावर थांबलो तर हा एका घराचा प्रश्न राहील. पण आपणा सर्वांच्या पदव्यांचा हिशोब मांडला तर काय निघते? १८८२ साली हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यात नेमका हा हिशोब होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, याकडे त्यांनी बोट दाखवले. वरचे थोडे लोक शिकले म्हणजे ज्ञान आपसूक खाली झिरपत जाईल, हा त्या काळचा सरकारी भरवसा त्यांनी साफ नाकारला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण झिरपण्याचा तो सिद्धान्त आपल्या मनातून गेलेला नाही. ज्ञानाच्या जागी आपण ऊर्जा घातली, एवढेच.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे. लोकसभेच्या सदस्यांना जोडण्यांच्या चिठ्ठ्या देता येत, आणि त्या चिठ्ठ्यांसाठी दिल्लीतल्या ओळखी शोधाव्या लागत. त्या ओळखी कोणाकडे होत्या? खेड्यातल्या बाईकडे खचितच नव्हत्या. गॅसवरची सरकारी सवलत पुढे अनेक वर्षे श्रीमंत-गरीब न पाहता सर्वांना सारखी मिळत राहिली. म्हणजे ज्याच्याकडे जोडणी होती त्याला मिळाली, आणि जोडणी बहुतांशी आपल्यासारख्यांकडेच होती. २०१५ साली ही सवलत आपण होऊन सोडा असे सुस्थितीतल्या लोकांना आवाहन केले गेले आणि साधारण वर्षभरात एक कोटी ग्राहकांनी ती सोडली. हे चांगले झाले. मीही सोडली. सोडताना आपण काहीतरी दान करीत आहोत अशी एक सुखद भावना मनात होती, हेही कबूल करतो. जे मुळात आपले नव्हते ते परत करताना दात्याचा आव आणणे हा सुशिक्षितपणाचाच एक प्रकार असावा.

आपण बहुतेक जण सरकारी वा निमसरकारी नोकरीत आहोत, तेव्हा एक गोष्ट आपापसांत बोलायला हरकत नाही. आपले शिक्षण आपल्याला मोजायला शिकवते, आणि जे सहज मोजता येते तेच मोजायला लावते. १९८३ च्या सुमारास देशभर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. २००२ साली तो गुंडाळला गेला. लाखो चुली बसवल्याचे अहवाल गेले. त्यांतल्या किती वर्षभरानंतर पेटत होत्या, हा प्रश्न विचारणारा रकाना तेथेही अपुराच होता. धुराडे तुंबले की ते कोणी साफ करायचे, आडवे मोठे लाकूड तोंडात न शिरल्यास ते फोडणार कोण, हे ज्या बाईला ठाऊक होते तिला आराखड्याच्या वेळी फारसे कोणी विचारले नव्हते. पुढे २०१६ च्या मे महिन्यात बलियाहून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. जोडणी घरातल्या प्रौढ स्त्रीच्या नावे देण्याचे शहाणपण तिच्यात होते. या कामाला कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात २०१५-१६ साली ४३.८ टक्के होती, ती पाच वर्षांत ५८.६ टक्क्यांवर गेली. परंतु जोडणी दिली म्हणजे नस्ती बंद होते, आणि टाकी दुसऱ्यांदा भरण्याचा दिवस त्यानंतर उजाडतो. आमच्याकडच्या बाईचे नाव त्या आठ कोटींत आहे. तिची शेगडी फडताळावर आहे, ही नोंद मात्र कोठेच नाही.

मग शिकलेल्या माणसाने करावे तरी काय, असे विचारता येईल. उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. पण एक उदाहरण मनात घर करून आहे. १९८१ साली कर्क स्मिथ नावाचा एक अमेरिकन संशोधक गुजरातेतल्या खेड्यांत गेला आणि चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते त्याने उपकरणे लावून मोजले. त्या काळी हवेचे प्रदूषण म्हणजे मोठ्या शहरांतल्या गाड्यांचे आणि कारखान्यांचे, अशीच समजूत होती. स्वयंपाकघर हे प्रदूषणाचे ठिकाण असू शकते हे विद्वानांच्या ध्यानी आले नव्हते, कारण विद्वान तेथे फारसे जात नव्हते. गुजरातेत आपल्या सुशिक्षितांची काय वाण होती? ज्याच्या त्याच्या आईच्या घरी ती चूल होती. लहानपणी तिच्या धुराने डोळे चोळीतच ते शाळेत गेले होते. पण मोजावे असे वाटायला परदेशातून माणूस यावा लागला. २०२० साली तो वारला, तोपर्यंत तो याच धुराचा पाठपुरावा करीत होता. त्याची विद्वत्ता मला मोठी वाटते ती त्यामुळे की, तिने त्याला स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत नेले. आपली विद्वत्ता आपल्याला बहुधा त्या उंबरठ्याबाहेर आणते आणि बाहेर आल्यावर आपण सुटलो असे मानतो. उच्च शिक्षणाने ऊर्जादारिद्र्य हटते असे जेव्हा आकडे सांगतात तेव्हा त्यातला बराच भाग असा असतो : शिकलेला माणूस ते घर सोडून जातो. धूर तेथेच राहतो. त्याच्यापुढे आता म्हातारी माणसे असतात.

आमची धनबादहून बदली झाली, पण त्या बाईचा आणि माझ्या पत्नीचा दूरध्वनीवरचा संबंध टिकून आहे. तिची मुलगी पदवीधर झाली आणि तिला रांचीला एका खाजगी कचेरीत नोकरी लागली. पहिल्या पगारापासून ती आईला गॅसच्या टाकीसाठी म्हणून वेगळे पैसे पाठवू लागली. चार-पाच महिन्यांनी दिवाळी-छठसाठी घरी आली तेव्हा तिने पाहिले की शेगडी फडताळावरच आहे आणि अंगणात कोळसा धुमसतो आहे. पैशांचे काय झाले म्हणून विचारले, तर धाकट्या भावाच्या तंत्रनिकेतनाची फी भरली गेली होती. तिने आईशी वाद घातला नाही. रांचीला परतल्यावर तिने पैसे पाठवणे बंद केले आणि तेथूनच आईच्या नावावर टाकी नोंदवून तिचे पैसे परस्पर चुकते केले. एके सकाळी भरलेली टाकी दारात येऊन उभी राहिली.

बाईला ते मुळीच आवडले नाही. एवढ्या रकमेत पोराचे अर्धे पुस्तकांचे काम झाले असते, मला विचारायचे तरी, अशी तक्रार तिने माझ्या पत्नीकडे बराच वेळ केली. टाकी परत घेत नाहीत म्हणून ठेवून घेतली आहे, असे ती म्हणाली. आता चहा आणि डाळ गॅसवर होते. रोटीला मात्र कोळसाच लागतो, गॅसच्या रोटीला चव नसते, असे तिचे मत आहे. धाकट्याची पुढल्या सत्राची फी जुलैत भरायची आहे.